बसणीचं वळण

"यांचं एक अक्षर खरं धरू नका, डॉक्टर!"

माझी बायको सुलोचना इतक्या जोरात ओरडली, की महाडच्या त्या दवाखान्यात बाहेर बाकावर नंबर लावून बसलेली माणसं माना वाकवून आत बघायला लागली.

डॉक्टरांनी मला साधंच विचारलं होतं, किती चाललं की दम लागतो. मी म्हटलं, दम आणि मला? मी सकाळी एकदा गड चढतो, दुपारी एकदा चढतो, आणि मधल्या वेळात कंटाळा आला तर एखादा जाडजूड पर्यटक पाठीवर घेऊन तिसऱ्यांदा चढतो. मागच्या हंगामात एका नवरीला शालू-दागिन्यांसकट वर नेऊन ठेवली होती, नवरा रोपवेनं मागून आला. एवढं सांगून होतंय तोच ही ओरडली.

"घरातनं गोठ्यापर्यंत जायाला तीनदा बसतात," ती पुढे म्हणाली. "आडवं व्हता येत नाय, उशीवर उशी रचून बसल्या बसल्या झोपतात. पाय बघा. बोट दाबलं तर खड्डा पडतो न् भरून येत नाय. ह्यांना नका इचारू, मला इचारा."

डॉक्टर तरुण होते. त्यांनी नळी माझ्या छातीवर ठेवली आणि ठेवलीच. मग जरा सरकवली, पाठीला लावली, पुन्हा पुढे आणली. मला शांतता सोसत नाही, म्हणून मी एक किस्सा सुरू केला. ते म्हणाले, "बोलू नका." आयुष्यात मला इतक्या हळू आवाजात कुणी गप्प केलं नव्हतं.

"छातीत आवाज येतोय," ते म्हणाले.

"येणारच. आत मी राहतो ना."

ते हसले नाहीत. सुलोचनाही हसली नाही. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

*

चार दिवसांनी छातीवर थंडगार जेली चोपडून सोनोग्राफीसारखी तपासणी झाली. पडद्यावर लाल आणि निळा रंग उसळत होता. डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं. हृदयात झडपा असतात, दारासारख्या. रक्त पुढे गेलं की दार मिटायचं. माझी दोन दारं मिटत नव्हती. पुढे ढकललेलं रक्त फटीतून मागे यायचं, ते पुन्हा ढकलायचं, आणि या फुकटच्या फेऱ्यांनी हृदय थकून फुगलं होतं. लहानपणी कधी गुडघे-कोपरं सुजून ताप आला होता का, असं विचारलं. आला होता. आईनं वाळूच्या पुरचुंडीनं शेकलं होतं. झडपांचं काम तेव्हाच बिघडायला लागलं असेल, म्हणाले.

"छाती उघडून दुरुस्त करावं लागेल. मुंबईला. उशीर झालाय, पण फार नाही. दम लागायला लागून किती दिवस झाले? खरं सांगा."

मी सुलोचनाकडे बघितलं. "दोन वर्षं," मी म्हटलं. तिला वाटत होतं एकच.

*

ही दोन वर्षं मी कशी लपवली, ते सांगतो. माझ्यासारखा एखादा असेल तर त्याच्या घरच्यांना उपयोग होईल.

मी हिरकणीवाडीचा, रायगडाच्या पायथ्याचा. धंदा गाईडचा. सुलोचनाचा पिठलं-भाकरीचा स्टॉल आहे, मुलगा निलेश महाडच्या एमआयडीसीत केमिकल प्लांटवर शिफ्टमध्ये असतो. लोकांना वाटतं, गाईड गोष्ट सांगायला थांबतो. मी थांबायला लागायचं म्हणून गोष्ट सांगायचो. पन्नास पायऱ्या झाल्या की छाती भात्यासारखी व्हायची. मग मी काठी टेकायचो, लांब दरीकडे बघायचो, आणि म्हणायचो, "आता हितं काय झालं, ऐका." तेवढ्यात श्वास जागेवर यायचा.

महाराजांविषयी मी एक शब्द कधी वाढवला नाही. ते सगळं वर गेल्यावर, पाठ केलंय तसंच. पण पायऱ्या माझ्या होत्या. पायऱ्यांवर मी वाघाला ताक पाजलं, दोन सख्ख्या भावांना एका आंब्यावरून कड्यावर झुंजवलं. दम वाढत गेला तशा गोष्टी लांबत गेल्या. एका शाळेची सहल तर माझ्याबरोबर अशी रेंगाळली, की वर पोचेपर्यंत पोरांना मिशा फुटल्या. बाकीचे गाईड बोलायचे, दत्ताराम दिवसेंदिवस रंगत चाललाय.

एका वळणावर करंजाचं झाड आहे. तिथे मला नुसतं थांबून भागेना, बसावंच लागे. आणि गाईड बसला तर लोक काय म्हणतील? म्हणून मी बसणी काढली.

बसणी म्हणजे बाई. गडावर ओझी वाहणारी. या वळणावर जरा टेकली ती उठलीच नाही. तेव्हापासून जो इथे न बसता पुढे जातो, त्याच्या छातीवर ती बसते. म्हणून पाच मिनिटं बसायचं, गप्प राहायचं, मग उठायचं. मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा पुण्याचे बारा जण एका रांगेत खाली बसले. मी सगळ्यांत आधी बसलो.

आमच्याकडे बांधाला राखणदार असतो, विहिरीला असतो, वाटेवरच्या धोंड्यालासुद्धा असतो. त्यामुळे बसणीला जागा मिळायला वेळ लागला नाही. बाकीचे गाईड सांगायला लागले. मग कुणीतरी करंजाखालच्या दगडाला शेंदूर लावला. मग नारळ, मग हिरव्या बांगड्या. दीड वर्षात पोलादपूरकडच्या एका म्हाताऱ्यानं मला बसणीचं माहेर सांगितलं, आणि तिच्या भावाचं नावही. मी ऐकून घेतलं.

पुढे माझा दम सुलोचनाच्या लक्षात आला, तेव्हा ती भगताकडे गेली. भगत म्हणाला, तुझा नवरा कधीतरी न बसता पुढे गेलाय. तिनं उपास धरून त्या दगडापुढे नारळ फोडला आणि प्रसादाचा तुकडा माझ्या तोंडात घातला. मी तो चावून खाल्ला. बसणी खोटी आहे हे सांगायचं, तर दम खरा आहे हेही सांगावं लागलं असतं. आणि हेही खरं, की तोवर त्या वळणावर माझी छाती इतकी जड व्हायची, की मलाही तिथे कुणीतरी असल्यासारखं वाटायला लागलं होतं.

*

आता यशोदावहिनी.

आमच्या वरच्या आळीतल्या कोंडीरामदादाची बायको. त्या वळणावर ताक आणि लिंबूसरबत विकायची. लोक पाच मिनिटं बसायला लागल्यावर तिची बरणी दुपारच्या आत रिकामी व्हायला लागली. मला बघितलं की म्हणायची, "भावजी, तुमची बसणी मला फळली हो." 'तुमची' म्हणायची. त्यात तिला काय म्हणायचं होतं, मी कधी विचारलं नाही. तिला सगळं समजलंय असं धरून मी हसायचो, तीही हसायची.

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. माझ्याबरोबर मोठा गट होता, पंचवीसेक जण. वळणावर आलो तर वहिनी झाडाला पाठ लावून बसलेली. कपाळावर घामाचे थेंब, डावा हात उजव्या हातानं धरलेला. मला म्हणाली, "भावजी, बसली हो माझ्यावर."

लोक थांबले. दोघा-तिघांनी मोबाईल वर केले. मी फक्त एवढंच म्हणायला हवं होतं, वहिनी, असं काही नसतं, मी रचलंय ते, उठा आणि महाडला चला. पण पंचवीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि इतकी चांगली जमलेली गोष्ट मला मोडवेना. मी आवाज खाली घेतला आणि म्हटलं, "नारळ द्या वैनी, उतरेल."

अंगावर काटा आला, असं त्यातली एक बाई मला नंतर म्हणाली.

वहिनी उतरून घरी गेली. दुसऱ्या दिवशी तिनं नारळ दिला. तिसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढे बसल्या जागी गेली. गावात सगळे बोलले, बसणीनं नेली. मी खांदा दिला. चढावर मला दम लागला, तर लोक म्हणाले, बघा, दत्तारामला किती लागलंय.

डॉक्टरांनी माझ्या छातीतला आवाज ऐकला तो त्यानंतरच्या शिमग्यात.

*

मुंबईच्या इस्पितळात पहिले आठ दिवस नुसत्या तपासण्या झाल्या. दाताचा डॉक्टरसुद्धा येऊन दात मोजून गेला. मी त्याला म्हटलं, आमच्या घराण्यात बत्तीसाचे चौतीस असतात. त्यानं कागदावर तीस लिहिले.

घरच्यांत मात्र ताण होता. निलेश माझ्याशी धड बोलत नव्हता. एकदा औषधं आणून ठेवताना म्हणाला, "दोन वर्षं नारळ फोडत बसलात. मी रोज महाडला जातो येतो, माझ्या मागं बाईकवर बसला असता तर झालं असतं." मी उत्तर दिलं नाही, तेव्हा तो आणखी चिडला. माझं गप्प बसणं त्याला सवयीचं नाही.

रक्त द्यायला माणसं हवी होती. निलेशच्या प्लांटवरची पोरं सुट्टी टाकून एका गाडीतून आली. त्यातला सगळ्यांत दांडगा, मिशीवाला, सुई बघूनच आडवा झाला, आणि बाकीचे रक्त द्यायचं सोडून त्याला वारा घालत बसले. मी गावात सांगतो, की माझ्या अंगात आता जनरल शिफ्टचं रक्त आहे, पाच वाजले की काम बंद. पण ती पोरं काचेतून हात हलवून गेली तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं होतं.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सुलोचना खाटेवर बसली आणि माझा हात धरला. असा तिनं लग्नात धरला होता, त्यानंतर बहुतेक नाहीच. म्हणाली, "मी बोलून ठेवलंय. तुमी धड घरी आलात की बसणीला साडी-चोळी न् वर छप्पर."

"नको," मी म्हटलं.

"का?"

निलेश दाराशी उभा होता. मी तोंड उघडलं. दोन वर्षांत मी कुठलीही गोष्ट सांगताना इतका अडखळलो नव्हतो. शब्द जुळवतोय तोवर छातीवरचे केस काढायला न्हावी आला, पडदा ओढला गेला, आणि त्या दोघांना बाहेर घालवलं. न्हावी मला म्हणाला, घाबरलेले दिसताय. मी म्हटलं, हो. त्या पूर्ण मुक्कामात मी बोललेली ती पहिली खरी गोष्ट.

सकाळी टेबलावर भूल देणाऱ्या बाईंनी विचारलं, काय करता तुम्ही? मी वाघ आणि ताकाची गोष्ट सुरू केली. वाघानं भांड्यात तोंड घातलं, एवढंच आठवतं.

*

अतिदक्षता विभागात रात्र नसते. दिवे चालू, यंत्रं चालू, दिवस कुठला ते कळत नाही. शुद्ध आली तेव्हा तोंडात नळी होती आणि मनगटं खाटेला सैलशी बांधलेली, नळी ओढू नये म्हणून. हे आधी सांगून ठेवलेलं असतं, तरी जीव घाबरतो. ज्यांची पाळी येणार आहे त्यांना सांगतो, ओढाताण करू नका, यंत्र श्वास घेतंय तर घेऊ द्या.

मला जन्मात पहिल्यांदा बोलता येत नव्हतं. आणि माझ्या पायाशी यशोदावहिनी बसली होती.

ताकाची बरणी मांडीवर, पदर कमरेला खोचलेला. ती रागावलेली नव्हती. काही म्हणत नव्हती. मी काय बोलतो ते ऐकायला बसल्यासारखी नुसती बसली होती, आणि माझ्या तोंडात नळी. मी डोळे मिटायचो, उघडायचो, ती तिथेच. कधी खाटेच्या कडेला. एकदा अगदी छातीजवळ, तिच्या हिरव्या बांगड्या मला मोजता आल्या असत्या. हे मी वाढवून सांगत नाही. वाढवायचं असतं तर तिला बोलायला लावलं असतं.

डॉक्टर नंतर म्हणाले, भुलीच्या औषधांनी आणि झोप नसल्यानं असं पुष्कळांना होतं. कुणाला भिंतीवर मुंग्या दिसतात, कुणाला गेलेली माणसं. चार-आठ दिवसांत जातं. जातं, हे खरं आहे. माझ्या बाबतीत ती खाटेवरून गेली.

एक सिस्टर होती, सांगलीकडची. ओल्या कापसानं माझे ओठ पुसायची. मी पाण्यासाठी डोळ्यांनी भीक मागायचो, तर म्हणायची, "अजून नाही काका, पण कापूस पुन्हा भिजवते." त्या कापसाची चव मी विसरणार नाही. तिनंच नळी निघाल्यावर सांगितलं, आता बोला. मी घोगऱ्या आवाजात पहिला शब्द बोललो तो "यशोदा."

सिस्टरनं ते कौतुकानं सुलोचनाला सांगितलं. सिस्टरला वाटलं, माझ्या बायकोचंच नाव यशोदा.

*

वॉर्डात आल्यावर एक खेळणं देतात, तीन गोळ्यांचं. नळीतून श्वास ओढायचा आणि गोळ्या वर उचलायच्या. पहिल्या दिवशी एकही हलली नाही. खोकला आला की पंच्याची गुंडाळी छातीशी घट्ट धरायची, नाहीतर हाड उसवतंय असं वाटतं. तिसऱ्या दिवशी पहिली गोळी वर गेली. मी ती पूर्ण वॉर्डाला दाखवली.

सुलोचना पेरू कापत होती. सुरी न थांबवता म्हणाली, "यशोदावैनी तुमाला बोलवाया आलती का?"

तिच्या आवाजात भीती होती. ती बसणीला घाबरत होती, मी हातात सापडून पुन्हा निसटतोय की काय म्हणून घाबरत होती. तेव्हा मी सांगितलं. दमापासून सुरुवात केली, करंज, बसणी, पंचवीस माणसं, नारळ. एवढी लांब गोष्ट मी मधे न थांबता पहिल्यांदाच सांगितली. दोन्ही झडपांना कडी बसवून टाके घातले होते, श्वास पुरत होता.

ती ओरडेल असं वाटलं होतं. तिनं पेरूच्या फोडी कागदावर ठेवल्या, हात पुसले.

"हे मला नका सांगू," ती म्हणाली. "कोंडीरामदादाला सांगा."

मग घरी जाईपर्यंत ती माझ्याशी फक्त औषधांपुरतं बोलली. गोळी घ्या. पाणी प्या. उजव्या कुशीवर नको.

*

घरी आलो. तीन महिने वजन उचलायचं नाही, चढायचं नाही, रक्त पातळ ठेवायची गोळी चुकवायची नाही, दर थोड्या दिवसांनी महाडला जाऊन रक्त तपासायचं. हे सगळं पाळा. मी पाळलं, आणि मी जन्मात काही पाळलेलं नाही. रात्री छातीत ठोका मोठा ऐकू येतो, त्याला भिऊ नका. रडू येतं, विनाकारण, भाजी निवडताना वगैरे. तेही जातं. आणि दम लागत असेल तर घरच्यांना आजच सांगा. कुणी दर चार पायऱ्यांवर गोष्ट सांगायला थांबत असेल, तर गोष्ट ऐकू नका, त्याच्या ओठांचा रंग बघा.

मला बघायला लोक आले ते हातात नारळ घेऊन. सुलोचनाचा नवस आमच्या आधी गावात पोचला होता. बसणीनं एवढं मोठं ऑपरेशन पार पाडलं, असं झालं. सुलोचनानं छप्पर बांधलं नाही, तर दुसऱ्याच कुणीतरी पत्रा घातला. मी ओटीवर बसून आलेल्याला चहा देत होतो आणि ऐकत होतो. प्रत्येकाला सांगता आलं असतं. पण पहिल्यांदा ज्याला सांगायचं, त्याला सांगितलं नव्हतं. तो एकटाच मला बघायला आला नव्हता.

दसरा झाल्यावर गेलो. वरच्या आळीला जायला उभा चढ आहे. मी कुठेच थांबलो नाही.

कोंडीरामदादा खळ्यात नाचणी झोडपत होता. मला बघून त्यानं पोतं सरकवलं, मी बसलो. त्यानं तब्येत विचारली. मी शर्टाची दोन बटणं सोडून छातीवरची शिवण दाखवली. त्यानं बघितली, मान हलवली, आणि दांडका पुन्हा उचलला.

मी सांगायला लागलो. बसणी मी रचली, दादा. मला दम लागायचा, बसायला निमित्त पायजे होतं. असं कोण नव्हतंच कधी. आणि त्या दिवशी वैनीला नारळ द्यायला मीच बोललो, लोक बघत होते म्हणून. हे बोलताना मी त्याच्या हातांकडे बघत होतो. दांडका त्याच लयीत वर जात होता, खाली येत होता. कणसांतून दाणे उडून माझ्या पायांवर पडत होते.

माझं सांगून झालं. त्यानं एक पेंढी बाजूला टाकली, दुसरी घेतली. मला तिथून उठता आलं असतं, पण मी ज्यासाठी आलो होतो ते अजून विचारलंच नव्हतं. ऑपरेशनच्या टेबलापासून मी एका 'हो'ची वाट बघत होतो. 'तुमची बसणी' म्हणायची ती. हसायची.

"वैनीला ठावं होतं ना," मी विचारलं, "की ते समदं खोटं हाय?"

कोंडीरामदादानं दांडका खाली ठेवला. पायानं दाणे एका जागी सारले.

"महाडला न्यायाला गाडी दारात आलती," तो म्हणाला. "तिनंच परत लावून दिली. म्हणाली, नारळ दिलाय, उतरेल."